नर कोणता आणि मादी कोणती?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या संघाच्या एका सभासदांनीं गांडूळखताचा खड्डा घालण्याचें ठरविलें व गांडुळें विकत आणण्यापूर्वीं आम्हांस विचारलें कीं, "शंभर गांडुळें घ्यावयाचीं झाल्यास त्यांत नर किती व माद्या किती असाव्या?" बैठकींतील कांहीं मंडळी हंसली, परंतु प्रश्न हंसण्यासारखा खचित नव्हता. गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांच्याशीं ज्यांचा नित्य संबंध, त्यांस प्रत्येक जातीच्या जिवांत नर वेगळा आणि मादी वेगळी असलीच पाहिजे असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आपल्याच शेतांत असे कित्येक जीव आहेत कीं, ज्यांस हा नियम लागू पडत नाहीं. त्यांपैकीं कांहीं आपले मित्र आहेत व कांहीं कट्टे वैरी आहेत. वैऱ्याचा वंश कसा वाढतो हें न समजतां त्याच्यावर केलेला खर्च पुष्कळदां वायां जातो. म्हणून प्राणिशास्त्रज्ञ नर व मादी कशास म्हणतात, आणि शेतकऱ्यास त्याचा उपयोग काय, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नेहमींच्या खुणा कोठें फसतात

पहिली खूण रूपाची. वळूचें भरदार वशिंड, कोंबड्याचा तुरा, मोराचा पिसारा यांवरून आपण नर ओळखतों. पण कपाशीवरील पिठ्या ढेकूण पाहा. पांढऱ्या पिठानें माखलेली, फांदीस चिकटून रस शोषणारी व पंख नसलेली ती मादी होय. तिचा नर चिलटासारखा बारीक व पंख असलेला असतो. दोघांस शेजारीं ठेवलें तर हे एकाच जातीचे आहेत असें कोणासही वाटणार नाहीं. म्हणजे रूप हें प्रत्येक जातींत निराळें. त्यावरून सर्व प्राण्यांस लागू पडेल असा नियम बांधतां येत नाहीं.

दुसरी खूण पोटीं पिलें वाढविण्याची. जी गाभण राहते ती मादी, असें आपण म्हणतों. परंतु समुद्रघोडा नांवाच्या लहानशा माशांत मादी आपलीं अंडीं नराच्या पोटावरील पिशवींत घालते. तेथें तीं फळतात, तेथेंच वाढतात, आणि दिवस भरले म्हणजे पिलांस बाहेर सोडण्याचें काम नरच करितो. तरी शास्त्रज्ञ त्यास नरच म्हणतात.

तिसरी खूण अलीकडील शिक्षितांची आहे. पेशींतील गुणसूत्रें पाहिलीं म्हणजे नरमादीचा निर्णय झाला, असें पुष्कळांनीं शाळेंत वाचलेलें असतें. गाईम्हशींत तें खरें आहे. गाईचीं लिंगनिर्णायक दोन गुणसूत्रें सारखीं व वळूचीं भिन्न असतात. पण कोंबड्यांत हाच हिशेब उलटा आहे. तेथें कोंबडीचीं भिन्न व कोंबड्याचीं सारखीं असतात. कोकणांत रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासच्या किनाऱ्यावर अंडीं घालणाऱ्या समुद्रकासवांत तर अशीं गुणसूत्रेंच नाहींत. अंडीं पुरलेली वाळू अधिक उबदार असेल तर माद्या निघतात, थंड असेल तर नर निघतात. यावरून असें दिसून येईल कीं, गुणसूत्रें काय किंवा ऊब काय, हीं नर वा मादी घडविण्याचीं साधनें आहेत. ती नरमादीची व्याख्या नव्हे. विहिरींतून पाणी मोटेनें काढा कीं विजेच्या पंपानें काढा, पाणी तें पाणीच.

व्याख्या एकच, पण पक्की

मग व्याख्या कोणती? प्राणिशास्त्रांत ती एकाच गोष्टीवर उभारलेली आहे, व ती गोष्ट म्हणजे बीजाचा आकार. नव्या जिवाची उत्पत्ति सामान्यतः दोन बीजांच्या संयोगानें होते. त्यांपैकीं एक बीज मोठें असतें. त्यांत भावी गर्भासाठीं अन्नाचा सांठा असतो व तें स्वतः धांवत नाहीं. दुसरें अतिशय लहान असतें. त्याच्यापाशीं शिदोरी नसते, पण तें चपळ असतें व फार मोठ्या संख्येनें निर्माण होतें. ज्या शरीराची घडण मोठें बीज निर्माण करण्याकरितां झालेली आहे तें मादीचें, व ज्याची घडण लहान बीज निर्माण करण्याकरितां झालेली आहे तें नराचें. शिंगें, दाढी, पंख, गर्भधारणा, पिलांचें संगोपन या सर्व गोष्टी मागाहून येणाऱ्या आहेत व जातीजातीगणिक बदलणाऱ्या आहेत.

हा आकारांतील फरक किती मोठा आहे तें पाहावें. कोंबडीच्या अंड्यांतील पिवळा बलक म्हणजे आरंभीं एकच बीजपेशी होय. गाईचें बीज त्या मानानें बारीक, एका मिलिमीटरच्या सुमारें आठव्या हिश्शाएवढें असतें, म्हणजे तीक्ष्ण दृष्टीच्या मनुष्यास सुईच्या टोंचणीसारखें दिसेल इतकें. परंतु वळूच्या शुक्रजंतूचें डोकें मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान असतें. गाय सामान्यतः २१ दिवसांतून एकदां एकच बीज सोडते; उलट कृत्रिम रेतनासाठीं वापरल्या जाणाऱ्या गोठविलेल्या साध्या रेताच्या एका मात्रेंत सुमारें २ कोटी शुक्रजंतु भरलेले असतात. समुद्रघोड्याचा निकालही आतां सहज लागतो. पिशवी कोणाच्याही पोटावर असो. अन्नानें भरलेलें मोठें अंडें जी देते ती मादी, आणि त्यावर आपलें सूक्ष्म बीज जो सोडतो तो नर.

मध्यम आकाराचें तिसरें बीज कां नाहीं, असें कोणी विचारील. १९७२ सालीं पार्कर, बेकर व स्मिथ या तीन इंग्रज शास्त्रज्ञांनीं गणित मांडून याचें उत्तर दिलें. त्याचा भावार्थ असा : प्रत्येक जिवापाशीं बीजासाठीं खर्चावयाचें भांडवल ठराविक असतें. त्याचीं पुष्कळ बारीक बीजें केलीं तर दुसऱ्या बीजास गांठण्याची संधि वाढते. थोडीं पण भरलेलीं बीजें केलीं तर गर्भास अन्न पुरतें. मध्यम बीज मात्र दोन्हींकडून तोट्यांत येतें. संख्येंत तें बारक्यांस हरतें व शिदोरींत मोठ्यांस हरतें. म्हणून पिढ्यान् पिढ्या दोन टोंकें तेवढीं टिकून राहिलीं. कांहीं शेवाळांत व बुरशींत दोन्ही बीजें सारख्याच आकाराचीं असतात. तेथें शास्त्रज्ञ नर व मादी हे शब्द वापरीतच नाहींत. व्याख्या पक्की असल्याची हीच खूण होय कीं, ती जेथें लागू पडत नाहीं तेथें ती ओढूनताणून लावावी लागत नाहीं.

एका देहांत दोन्ही

आतां गांडुळाकडे वळूं. प्रौढ गांडुळाच्या अंगावर डोक्याकडील बाजूस एक जाडसर पट्टा दिसतो. अशा प्रत्येक गांडुळाच्या शरीरांत मोठें बीज तयार करणारे अवयव आहेत व लहान बीज तयार करणारेही आहेत. दोन गांडुळें उलटसुलट दिशांनीं एकमेकांस लागून राहतात, परस्परांस शुक्रजंतु देतात, व नंतर दोघेंही आपापल्या पट्ट्यापासून झालेल्या कोषांत अंडीं ठेवितात. म्हणजे आमच्या सभासदांच्या प्रश्नाचें उत्तर असें झालें कीं, शंभर प्रौढ गांडुळांत शंभर नर आहेत व शंभर माद्याही आहेत. अशा प्राण्यांस उभयलिंगी म्हणतात. व्याख्येस येथें कोठेंही बाध येत नाहीं. बीजें दोनच आहेत, फक्त तीं निर्माण करणारा देह एक आहे.

जी गोष्ट मित्राच्या बाबतींत सोयीची तीच वैऱ्याच्या बाबतींत घातक ठरते. २०२२ च्या खरिपांत लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनीं सोयाबीनचीं कोंवळीं रोपें कुरतडून टाकलीं व कित्येक शेतकऱ्यांस दुबार पेरणी करावी लागली. शंखी गोगलगाय उभयलिंगी आहे. शंभर शेळ्यांच्या कळपांत अंगावर पिलें वाढविणाऱ्या जितक्या माद्या तितकीच वाढ होते. शंभर गोगलगाईंत मात्र शंभरही अंडीं घालूं शकतात. आफ्रिकेंतील मोठ्या जातीची गोगलगाय तर एका खेपेस शंभरावर अंडीं घालते, व एकदां मिळालेले शुक्रजंतु अंगांत कित्येक महिने सांठवून ठेविते. ही जात १८४७ सालीं कलकत्त्याच्या एका बागेंत सोडण्यांत आली व तेथून देशभर पसरली. यावरून कलमांच्या कुंडींतून आलेली एकच गोगलगाय नव्या बागेस कशी पुरते, हें ध्यानांत येईल.

आयुष्यांत पालट

आपल्या विदर्भांतील तळ्यांत पाळल्या जाणाऱ्या रोहू व कटला या माशांत नर तो नर व मादी ती मादी. परंतु कोकणांत, विशेषतः रायगड जिल्ह्यांतील खाजणांच्या तळ्यांत, जिताडा म्हणून जो नामांकित मासा पाळतात, त्याची रीति निराळी आहे. तो सामान्यतः प्रथम नर म्हणून वयांत येतो, व कांहीं वर्षांनीं वाढून मोठा झाला म्हणजे मादी होतो. हेकरू वर्गांतील पुष्कळ समुद्री मासे याच्या उलट, आधीं मादी व मग नर असे असतात. येथें प्राण्याच्या जन्मापासून मरणापर्यंत एकच शब्द लावतां येत नाहीं. ज्या काळीं तो जें बीज निर्माण करितो त्या काळीं तो त्या लिंगाचा, असें म्हणावें लागतें. यांतील व्यवहाराची गोष्ट ही कीं, थोरले जिताडे बहुधा माद्या असतात. खाडींतून केवळ थोरले मासे पकडीत गेल्यास अंडीं देणारेच आधीं संपतात.

बापावांचून नर

मधमाश्यांचा प्रकार याहूनही चमत्कारिक आहे. आपल्याकडील सातेरी मोहोळांत राणी, कामकरी माश्या व नर असे तीन वर्ग असतात. राणी अंडें घालतांना सांठविलेल्या शुक्रजंतूंपैकीं एखादा त्यास मिळूं देते किंवा देत नाहीं. फळलेल्या अंड्यांतून मादी निघते, न फळलेल्या अंड्यांतून नर निघतो. त्यामुळें मादीच्या पेशींत ३२ गुणसूत्रें व नराच्या पेशींत १६ च असतात. नरास आई असते, आजा असतो, पण बाप नसतो. सायलेशियांतील योहान झिअरझोन या मधुपालक धर्मगुरूनें १८४५ सालीं हा सिद्धांत मांडला तेव्हां पुष्कळांनीं त्याची चेष्टा केली. पुढें तो खरा ठरला. कामकरी माशी सहसा अंडीं घालीत नाहीं, तरीही तिची गणना मादींतच होते, कारण तिच्या देहाची घडण मोठ्या बीजाची आहे. राणी नाहींशी झाली व नवी झाली नाहीं तर कांहीं कामकरी माश्या अंडीं घालूं लागतात. परंतु त्यांचा नराशीं समागम झालेला नसल्यानें त्यांतून केवळ नरच निपजतात.

कपाशीवरील पांढरी माशी, तसेंच बोंडअळीच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालून तीं नासविणारा ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक, यांच्यांतही नर बिनफळल्या अंड्यांतूनच होतो.

नरावांचून वंश

करडईवरील व कपाशीवरील मावा सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्या उष्ण प्रदेशांत माव्याची पैदास बहुतेक नराशिवायच चालते. मादी अंडीं न घालतां जिवंत पिलें प्रसवते, तीं पिलेंही माद्याच असतात, व जन्मतांच त्यांच्या पोटांत पुढील पिढीचे गर्भ वाढूं लागलेले असतात. जिनीव्हा येथील चार्ल्स बॉने यानें १७४० सालीं एक मादी जन्मापासून एकटी कोंडून ठेविली. तिनें सुमारें तीन आठवड्यांत ९५ पिलें दिलीं. थंड देशांत हिवाळ्यापूर्वीं माव्याचे नर निपजतात व मग माद्या अंडीं घालतात. म्हणजे नराची कला त्या जातींत नष्ट झालेली नसते, निकड नसते इतकेंच.

याहून टोंकाचें उदाहरण आपल्या खताच्या खड्ड्यांतच मिळतें. गांडुळासारखा दिसणारा, चकाकणारा, वीतभर लांबीचाही न भरणारा वाळा नांवाचा साप पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजीं तीन संच असतात, व ही सर्व जात माद्यांचीच आहे. एकटी मादी न फळलेलीं अंडीं घालते व त्यांतून माद्याच निघतात. जेथें नर मुळींच नाहीं तेथें मादी हा शब्द कशावरून, अशी शंका येईल. उत्तर तेंच : ती अन्नानें भरलेलें मोठें बीज निर्माण करिते. एकाच खड्ड्यांत शेजारीं सांपडणाऱ्या, दिसावयास सारख्या अशा या दोन जिवांपैकीं एक सर्वस्वी उभयलिंगी व दुसरा सर्वस्वी मादी असावा, हें केवळ डोळ्यांनीं पाहून कोणास कळलें असतें? वाळा बिनविषारी असून वाळवी व मुंग्यांचीं अंडीं खातो. त्यास सापाचें पिलूं समजून ठेंचूं नये.

बीजच नसेल तर

बैल खच्ची केला म्हणजे तो बीज देत नाहीं; तरी त्यास कोणी मादी म्हणत नाहीं, कारण देहाची घडण नराची आहे. याहून कठीण गोष्ट जुळ्या वासरांची. गाईस एक गोऱ्हा व एक कालवड असें जुळें झालें, तर अशा शंभर कालवडींपैकीं नव्वदांहून अधिक वांझ निघतात. गर्भाशयांत दोघांच्या वारेंतील रक्तवाहिन्या एकमेकींस जुळतात व गोऱ्ह्याच्या शरीरांतील रस कालवडीच्या रक्तांत मिसळून तिचे बीजकोश नीट वाढूं देत नाहींत. शिकागो येथील फ्रँक लिली यानें १९१६-१७ च्या सुमारास हा उलगडा केला. अशी कालवड मादी म्हणून घडूं लागली, परंतु ती घडण मध्येंच बिघडली. व्याख्येच्या कडेवर उभा असलेला हा जीव आहे, आणि शास्त्रज्ञही तिला सरळ मादी न म्हणतां दोहोंमधील म्हणूनच गणतात. शेळीमेंढींत नरमादीचें जुळें नित्याचें आहे, पण हा दोष त्यांच्यांत क्वचितच आढळतो.

शेतकऱ्यानें यांतून काय घ्यावें

२०१७ च्या हंगामांत शेंदरी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीचें अपरिमित नुकसान केलें, तें वाचक विसरले नसतील. या अळीच्या पतंगांत नर व मादी वेगळे असून, मादीच्या गंधानें नर ओढला जातो. कामगंध सापळा याच तत्त्वावर चालतो व त्यांत केवळ नर पडतात. अंडीं घालणारी मादी शेतांतच असते, आणि उरलेल्यांपैकीं एक नर अनेक माद्यांस पुरतो. म्हणून दोनचार सापळ्यांस बंदोबस्त समजूं नये. तो पाहारेकरी समजावा. सलग तीन रात्रीं प्रत्येक सापळ्यांत आठ किंवा अधिक पतंग आले, तर उपाय करण्याची वेळ आली असें जाणावें.

माव्यास हा उपाय नाहीं, कारण पकडावयास नरच नाहीं. तेथें एकेक मादी म्हणजे एकेक नवी वसाहत होय. झाडाच्या शेंड्यावर पहिली टोळी दिसतांच तो शेंडा खुडणें व ढालकिड्यांसारख्या मित्रकीटकांस जपणें हेंच हिताचें. गोगलगाईंत निम्म्या मारून वंश निम्मा होईल असा हिशेब धरूं नये. पहिल्या पावसानंतर, त्यांनीं अंडीं घालण्यापूर्वींच, बांधावर गुळाच्या पाण्यांत भिजविलेलीं गोणपाटें पसरून सकाळीं त्याखालीं जमलेल्या सर्व गोगलगाई वेंचाव्या व मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यांत टाकाव्या. हें काम शेजाऱ्यांनीं मिळून केलें तरच साधतें. ट्रायकोग्रामाचीं कार्डें घेणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, बोंडअळीचीं अंडीं नासविण्याचें काम त्याच्या माद्याच करितात. म्हणून कार्डें ताजीं व खात्रीच्या ठिकाणचीं असावीं. मोहोळाच्या पेटींत नरांचींच घरें वाढूं लागलीं, तर राणी आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें.

सर्वांत मोठा खर्च वांचतो तो कालवडीचा. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड धष्टपुष्ट दिसते, म्हणून तिला तीन वर्षें चारा घालून शेवटीं ती माजावर येतच नाहीं हें कळणें, हा अनुभव पुष्कळ घरीं येतो व दोष मात्र चाऱ्यास किंवा नशिबास दिला जातो. जुळें होतांच तशी नोंद करावी, व कांहीं आठवड्यांनीं पशुवैद्याकडून कालवडीच्या योनिमार्गाची लांबी तपासून घ्यावी. ती फार आंखूड भरल्यास संशय धरावा, व रक्ततपासणीनें खात्री करून घ्यावी. बाजारांतून कालवड विकत घेतांनाही ती जुळ्यांतील आहे काय, हें विकणारास अवश्य विचारावें.

सारांश, ज्या जिवाचा आपल्या पिकाशीं किंवा गोठ्याशीं संबंध आला, त्याविषयीं गाईबैलांच्या मापानें अनुमान बांधूं नये. मोठें बीज कोण देतें, लहान कोण देतें, कीं दोन्ही एकच देह देतो, आणि त्या जातीस लहान बीजाची गरज तरी आहे काय, इतकें विचारलें म्हणजे त्या जिवाचा वंश कोठें वाढतो व कोठें तोडतां येतो हें कळूं लागतें. आमच्या सभासदांनीं शंभर गांडुळें नरमादी न निवडतांच आणलीं. निवड करावयाची तर ती इतकीच कीं, अंगावर पट्टा आलेलीं पाहून घ्यावीं.